आजोबांच्या होल्डॉलचा भाता करावा का? घरी भाता केलेल्यांनी अनुभव सांगा

रामबागेतली (इंदूर)

नमस्कार मंडळी.

माझी लेक तेरा वर्षांची. गेल्या दिवाळीनंतर तिरंदाजीला जायला लागली आणि आता घरात दुसरा विषय नाही. धनुष्य अजून क्लासचंच आहे, पण बाण स्वतःचे घेतलेत. आठ आहेत, ॲल्युमिनियमचे, २७ इंची. बाण ठेवायचा भाता ऑनलाइन मागवला होता. तिसऱ्याच आठवड्यात त्याच्या बुडाची शिवण सुटली. टार्गेटकडून परत येताना चार बाण चिखलात पडले आणि एकावर मागच्या मुलाचा पाय पडला. ॲल्युमिनियमचा बाण वाकला की त्याचा काही भरवसा राहत नाही. मैदानात ती काही बोलली नाही. घरी येऊन मात्र खूप रडली.

रविवारी माळा आवरताना माझ्या आजोबांचा होल्डॉल सापडला, म्हणजे प्रवासात अंथरूण-कपडे गुंडाळून न्यायची ती वळकटी. आजोबा रेल्वेत गार्ड होते, खांडवा-इंदूर-रतलामच्या मीटरगेजवर. पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटातून हा होल्डॉल किती वेळा गेला असेल याचा हिशेब नाही. खाकी किरमिच, म्हणजे जाड कॅनव्हास, अजून इतकं दणकट की नख रोवत नाही. चामड्याचे तीन पट्टे, पितळी बकलं. लेकीने तो बघितला आणि म्हणाली, "आई, याचा भाता!"

आता घरात दोन तट आहेत. लेक म्हणते करूच या. माझी आई म्हणते, बाबांच्या वस्तूला कात्री लावायची नाही. यजमान म्हणतात पुन्हा एक विकत घेऊ.

मला विचारायचंय ते असं. जुन्या सामानातून कोणी भाता केलाय का? खोली किती ठेवायची? बुडाला काय घालायचं, म्हणजे टोकं आरपार जाणार नाहीत? आणि होल्डॉल कापावा का? खंडेनवमीला पूजेत ठेवायचा अशी लेकीची इच्छा आहे, म्हणजे वेळ आहे हाताशी.

सियागंजवाला

ताई, होल्डॉलला हात लावू नका. ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, दीड फूट. एका बाजूला एंड कॅप, आत योगा मॅटचा तुकडा गोल गुंडाळून. वरच्या कडेला कानस मारा आणि जुन्या बॅगेचा पट्टा दोन भोकांतून ओवा. अर्ध्या तासाचं काम. पाइपचा तुकडा आमच्याकडे अटाल्याच्या, म्हणजे भंगाराच्या, भावात मिळतो. माझ्या पुतण्याचा असाच आहे, दोन वर्षं झाली, काही झालेलं नाही.

फुलपाखरी

शटलकॉकची नळी! पिसांच्या शटलची, बारा येतात ती. साधारण ४० सेंटिमीटर लांब असते, म्हणजे कमरेच्या भात्याला हवी तेवढीच. खेळणाऱ्यांच्या घरी ढिगाने पडलेल्या असतात. मी दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवून वरून जुन्या जीन्सचा पाय चढवला. एका नळीत चांगले बाण, दुसरीत दुरुस्तीचे. जीन्सचा खिसा बाहेरच्या बाजूला येईल असं बघा, त्यात फिंगर टॅब (दोरी ओढताना बोटांना लागू नये म्हणून घालतात तो चामड्याचा तुकडा) राहतो.

गाजरहलवा

धाग्याचं नाव घाईत वाचलं आणि होल्डॉलमध्ये भात शिजवायचा की काय असं वाटलं. आता सगळं वाचलं. मस्त विषय आहे, बसतो इथेच.

पिवळा_गोल (इंदूर)

मी बरीच वर्षं मुलांना तिरंदाजी शिकवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे भाता किती बाणांचा हवा. स्पर्धेत ७० मीटरच्या पात्रता फेरीत ७२ बाण असतात, पण ते एकदम नाही. सहा मारायचे, चालत जाऊन काढायचे, परत यायचं. म्हणजे अंगावर सहा आणि वर दोन-चार राखीव. इंडियन राउंडवाल्यांचंही, म्हणजे बांबूच्या देशी धनुष्यावर खेळणाऱ्यांचंही, तेच. दहा-बारा बाणांपेक्षा मोठा भाता करू नका. पोकळ जागा जास्त झाली की बाण आत पसरतात, पिसं एकमेकांवर घासतात.

खोली बाणाच्या लांबीच्या निम्म्याहून जरा जास्त ठेवायची. २७ इंची बाणाला १६ इंच पुरे. वर ११ इंच राहतात, पिसं पूर्ण मोकळी राहतात आणि हात खाली घालावा लागत नाही. मुलगी वाढीच्या वयाची आहे, उद्या बाण २८-२९ चे होतील, तरी हाच भाता चालेल.

तिसरं म्हणजे कल. टार्गेटवाल्यांचा भाता कमरेला असतो आणि तोंड पुढे कललेलं असतं, म्हणजे नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) हाताच्या समोर येतो, बघावं लागत नाही. रानातून फिरत नेम मारणारे तोंड मागे कलवतात, कारण पुढे असलं तर झुडपात अडकतं. नुसता सरळ खाली लोंबणारा भाता चालताना पायावर आपटत राहतो.

आता पीव्हीसीबद्दल. सियागंजवाले भाऊ, राग मानू नका. पाइप टिकतो यात वाद नाही. पण त्याची कडा कडक असते. बाण परत घालताना मुलं बघत नाहीत, कडेवर पिसं फाटतात. कार्बनच्या बाणाला तर असले ठोके नकोतच. त्याला चीर पडलेली डोळ्याला दिसत नाही, म्हणून आम्ही मुलांना रोज हाताने जरा वाकवून, कानाजवळ धरून तपासायला लावतो. पाइप वापरायचाच असेल तर जमिनीवर उभा ठेवायला वापरा, अंगावर नको.

होल्डॉलचं किरमिच मात्र या कामाला फार चांगलं. कापायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न.

सियागंजवाला

राग कसला सर. कडेचं पटलं. पुतण्याच्या बाणांची पिसं दर महिन्याला चिकटवावी लागतात ती कशाने, ते आज कळलं. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेवर बसवतो.

महूचा_फौजी

जय हिंद. माझ्या नातवासाठी मी भाता केला जुन्या पिठ्ठूच्या, म्हणजे फौजी पाठपिशवीच्या, कापडाचा. महूमध्ये असलं सामान चिक्कार मिळतं. वेब बेल्ट, पाण्याच्या बाटलीचं कव्हर, पाउच, सगळं फौजी मापाचं आणि दुहेरी शिवणीचं. वेब बेल्टला आधीच ओळीने भोकं असतात, त्यात भाता हवा तिथे अडकवता येतो. नातू वाढला तसा एकेक भोक सरकवला.

पण एक चूक झाली ती सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. कापड चित्त्याच्या छापाचं होतं, म्हणजे आपलं कॅमफ्लाज. दिसायला एकदम रुबाबदार. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सामान तपासणीत त्यांनी बाजूला ठेवलं. नियमच आहे म्हणाले. पोराचं तोंड एवढंसं झालं.

पिवळा_गोल

हो, जागतिक संघटनेच्या नियमात कॅमफ्लाज रंगाचं काहीच चालत नाही, कपडेही नाहीत आणि साहित्यही नाही. साधा खाकी किंवा हिरवा एकरंगी चालतो. घरी केलेला भाता असू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. कमरेचा, पाठीचा, जमिनीवरचा, तिन्ही चालतात. फौजी काका, नातवाचं पुढे काय झालं?

महूचा_फौजी

रात्री बसून वरून निळं कापड शिवलं. आजीने टाके घातले, मी बॅटरी धरली. सकाळी पास!

शिवणटिपण (बडोदा)

रामबागेतली ताई, तुमच्या आईचं म्हणणं मला अगदी मनापासून पटलं, आणि लेकीचंही. दोघींचं एकदम होऊ शकतं. कापू नका, उसवा.

होल्डॉल कसा असतो बघा. मधे लांब किरमिच, दोन बाजूंना पाळ्या आणि दोन्ही टोकांना मोठे खिसे. एकात उशी जायची, दुसऱ्यात कपडे. हे खिसे वेगळ्या तुकड्याचे असतात आणि वरून शिवलेले असतात. एका टोकाचा खिसा टाका टाका उसवून काढा. होल्डॉल तसाच्या तसा राहील, गुंडाळता येईल, पट्टे बांधता येतील. आणि कधी वाटलंच तर भाता उसवून खिसा परत जागेवर लावता येईल.

खिशाचं माप टाका, मी बेत सांगते.

रामबागेतली

शिवणटिपण ताई, तुमचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून स्वतःच ब्लेड आणि चष्मा घेऊन आली.

खिसा २८ बाय १५ इंच आहे.

शिवणटिपण

मग प्रश्नच मिटला. ३ इंच व्यासाची नळी म्हणजे घेर साडेनऊ इंच. आत अस्तर येणार, शिवणीला दोन्हीकडून जागा हवी, म्हणून ११ इंच धरा. उंची १६, वर दीड इंच दुमड आणि खाली अर्धा इंच, म्हणजे १८. खिशातून १८ बाय ११ चा एक तुकडा दुमडीने बसेल आणि १० बाय १५ चा पट्टा उरेल. त्यात बूड आणि टॅब ठेवायचा छोटा खिसा होईल. एवढी एकच कात्री लावावी लागेल. तीही नको असेल तर जास्तीचं कापड आत दुमडून घ्या, उलट दोन पदर होतील आणि भाता आणखी भक्कम होईल. मी असते तर आतच दुमडलं असतं.

घरच्या मशीनला १८ नंबरची सुई लावा. साध्या सुईने किरमिच शिवायला जाऊ नका, मोडते आणि तुकडा उडतो. चार पदर जिथे येतात तिथे चाक हाताने फिरवा, पायाने नको. शिवणीवर आधी मेणबत्ती घासली की सुई सरकते. तरी जड गेलं तर तेवढा भाग मोच्याकडून आरीने शिवून घ्या.

धनुर्धारी_देवास

कमरेलाच का पण? पाठीवर का नाही? लहानपणापासून रामाला पाठीवरच्या भात्यासहच पाहिलंय. खांद्यावरून बाण काढायची जी ऐट आहे ती कमरेला नाही. मी जुन्या तंबूच्या पिशवीचा पाठीवरचा केलाय आणि मला तोच आवडतो.

पिवळा_गोल

आवडीला हरकत नाही. पण टार्गेटच्या खालच्या भागातला बाण काढायला वाका आणि मग काय होतं ते सांगा.

धनुर्धारी_देवास

होतं हो, सगळे डोक्यावरून खाली येतात. म्हणून मी गुडघ्यावर बसतो. पण सोडणार नाही!

वहीतलं_संस्कृत

पाठीच्या बाजूने एक साक्ष फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं ७५ वं सूक्त युद्धाच्या साहित्याचं आहे. धनुष्य, दोरी, कवच असं एकेकाचं वर्णन येतं आणि पाचवी ऋचा भात्याची. तिथे त्याला 'इषुधि' म्हटलंय. बहुतांचा बाप, ज्याची लेकरं पुष्कळ, तो पाठीवर बांधलेला असतो आणि रणात उतरला की 'चिश्चा' असा आवाज करतो. बाणांच्या खडखडाटाला ऋषीने शब्द केला आहे. दहा बाण भात्यात घेऊन चालून बघा, 'चिश्चा'च ऐकू येईल.

फुलपाखरी

बहुतांचा बाप! किती सुंदर. शटलच्या नळीतून 'टकटक' येतो पण.

अलीराजपूरचे_गुरुजी

मी नोकरीची पुष्कळ वर्षं झाबुआ-अलीराजपूर भागात काढली. तिथल्या भिल्लांचा तीर-कामठा, म्हणजे धनुष्यबाण, ज्याने जवळून पाहिलाय त्याला जुन्या सामानातून भाता करण्याचं नवल वाटणार नाही. कामठा चिरलेल्या बांबूचा आणि दोरीसुद्धा बांबूच्याच सालीच्या पट्टीची. जुन्या वर्णनांमध्ये भिल्लांचा भाता बांबूच्या घट्ट विणलेल्या चटईचा असल्याचं येतं. जे हाताशी आहे, त्याचंच.

आणि ते दोरी ओढतात तर्जनी आणि मधल्या बोटाने, अंगठा लावत नाहीत. एकलव्याने अंगठा दिला म्हणून, असं तिथली म्हातारी माणसं सांगतात. सांगताना आवाज खाली येतो. माझ्या वर्गातला एक मुलगा मला म्हणाला होता, "सर, आम्ही त्याचा अंगठा अजून वापरत नाही." त्यावर मला काही बोलता आलं नव्हतं.

पिवळा_गोल

गुरुजी, हे वाचून थांबलो जरा. आम्हीही मुलांना अंगठा न लावता तीन बोटांनीच ओढायला शिकवतो, ते तंत्र बाहेरून आलेलं म्हणून शिकवतो. उद्यापासून ही गोष्टही सांगेन.

गवसणी (ग्वाल्हेर, लष्कर)

आवाजावरून आठवलं. आमच्याकडे गाण्याचं घर, त्यामुळे तंबोऱ्याच्या जुन्या गवसण्या, म्हणजे खोळी, पडून असतात. गवसणीच्या आत कापूस घालून शिवलेलं मऊ अस्तर असतं, भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून. भाच्याच्या भात्याला मी तेच आतून लावलं आणि आवाज गेला. जुनी दुलई, गोधडी, हिवाळ्याच्या जाकिटाचं अस्तर, काहीही चालेल. फक्त अस्तर नळीला वर, मधे आणि खाली टाचून टाका. सुटं राहिलं तर बाण अस्तराच्या मागे शिरतो आणि मग शोधत बसावं लागतं.

आणखी एक. बासरीवाल्यांची रेक्झिनची लांब पिशवी मिळाली तर सोडू नका. मोठ्या बासऱ्यांची पिशवी बाणाच्या लांबीची असते, आत कप्पेही असतात. अंगावर नाही, पण प्रवासात बाण न्यायला त्याच्यासारखं काही नाही.

सराफ्यातला

भात्याची शंका. आमच्या घरामागे लोहाराचा भाता होता, चामड्याचा, फूस-फूस करणारा. तोही भाता आणि बाणांचाही भाताच? इंदुरात सगळे तरकश म्हणतात म्हणून हा शब्द मी बरेच दिवसांनी ऐकला.

वहीतलं_संस्कृत

दोन्ही भातेच, मराठीत शब्द एकच. आणि दोन्ही चामड्याच्या पिशव्या! तरकश फारसीतून आला, तूणीर संस्कृत. मला स्वतःला भाता सगळ्यात जवळचा वाटतो. "माझ्या भात्यात अजून बाण आहेत" हे तरकश म्हणून होत नाही.

पॅडवाला_ओपनर

सगळे नळीच्या मागे लागलेत, पण किरमिचाचा भाता रिकामा झाला की तोंड मिटतं, हे कोणी सांगितलं नाही. मग बाण परत घालताना दोन हात लागतात. तोंडाला कडं हवंच. जुनं बॅटिंग पॅड उघडा, आत वेताच्या काड्या असतात. वेत रात्रभर पाण्यात ठेवला की हवा तसा वळतो. वरच्या दुमडीत ओवून टोकं दोऱ्याने बांधा. वेत हलका असतो, गंजत नाही आणि कडा मऊ राहते. पॅडचे पट्टे आणि बकलंही काढून ठेवा, कामाला येतात.

मी तर लहान मुलांचं अख्खं पॅड गोल वळवून भाता केला होता. तो फार जाड झाला. वेताची कल्पना मात्र पक्की आहे.

नर्मदे_हर

बुडाचं कोणी नीट लिहिलेलं नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. माझ्या पहिल्या भात्याला बूड नुसतं जाड कापडाचं होतं. तीन महिन्यांत एक टोक हळूहळू आरपार आलं. मला पत्ता नाही. खाली बसलो तर पोटरीत शिरलं, तीन टाके पडले. टार्गेटच्या बाणाचं टोक बोथट दिसतं, पण वजन सगळं त्यावरच असतं.

तेव्हापासून मी असं करतो. सगळ्यात खाली चामडं. त्यावर डब्याच्या पत्र्याची गोल चकती, कडा ठोकून आत वळवलेल्या. त्यावर हवाई चपलेच्या तळव्याच्या दोन चकत्या. रबरात टोक जरासं रुततं आणि तिथेच थांबतं, त्यामुळे बाण हलतही नाही. वर्षाने चकत्या बदलायच्या. आणि बुडाला एक छोटं भोक ठेवा, नाहीतर पावसात आत पाणी साचून टोकं गंजतात.

रामबागेतली

सगळ्यांचे किती आभार मानू. आता काय झालं ते सांगते.

खिसा उसवायला आईला आणि मला दोन संध्याकाळ लागल्या. आजोबांच्या काळचा दोरा मेण लावलेला होता, टाका ब्लेडनेही लवकर तुटत नव्हता. दुमडीच्या आत किरमिचाचा रंग अगदी गडद, नव्यासारखा. आणि शिवणीतून काळी बारीक भुकटी पडायला लागली. मला वाटलं बुरशी. आईने बोटांवर घासून बघितली आणि म्हणाली, "कोळसा आहे. बाबा घरी आले की त्यांच्या कॉलरमध्ये असायचा." इंजिनाचा कोळसा, इतकी वर्षं शिवणीत बसून राहिलेला. तिने तो झटकला नाही. कागदावर घेतला आणि पुडी करून देवघरात ठेवली.

कापड कापलं नाही. ताई म्हणाल्या तसं जास्तीचं आत दुमडलं. बूड मात्र लेकीच्या जुन्या दप्तराच्या चामड्याचं केलं, वर पत्रा आणि निळ्या हवाई चपलेच्या चकत्या. वेत शेजारच्यांच्या पॅडमधून. अस्तर माझ्या लग्नातल्या दुलईच्या फाटक्या कोपऱ्याचं, तीन ठिकाणी टाचलं.

आता अडलंय ते कलावर. दोन पट्ट्यांनी लोंबवला तर सरळच राहतो, चालताना फिरतो.

पिवळा_गोल

पट्ट्यांनी नाही होणार. जाड चामड्याचा तिकोन कापा. एक कड कमरेच्या पट्ट्यात अडकेल अशी दुमडून शिवा, आणि दुसरी तिरकी कड नळीच्या अंगाला उभी शिवून टाका, वरच्या कडेपासून सहा-सात इंच खालपर्यंत. तिकोन वळत नाही, म्हणून भाता फिरत नाही. लेक उजव्या हाताची आहे ना? मग उजव्या कमरेला, तोंड पुढे. शिवण्याआधी सेफ्टी पिना लावून तिला मैदानात दहा पावलं चालायला लावा आणि डोळे मिटून बाण काढायला सांगा. हात आपोआप नॉकवर गेला की तिथेच शिवा.

शिवणटिपण

आणि नवरात्रात फोटो टाकायचा, विसरायचं नाही. आमच्या बडोद्यात गरब्याच्या गडबडीत मी एरवी इथे फिरकणार नाही, पण या फोटोसाठी येईन.

महूचा_फौजी

बकलं पितांबरीने चमकवा. चामड्याला ओलं फडकं, मग एरंडेलाचा हात, दोन दिवस सावलीत. उन्हात नाही!

रामबागेतली

काल खंडेनवमी झाली. पाटावर आजोबांची गार्डाची शिट्टी, यजमानांचे पाने-स्क्रूड्रायव्हर, माझी कात्री, आईचं विणकाम आणि मधोमध भाता. आठ बाण, त्यातला वाकलेलाही. तो काढू दिला नाही तिने.

होल्डॉलचा मधला पट्टा कमरेला वापरलाय, एक जास्तीचं भोक पाडून. बाकीचे दोन पट्टे होल्डॉलवरच आहेत, तो गुंडाळून परत माळ्यावर गेला. कल सरांच्या तिकोनानेच जमला. पहिल्यांदा तिकोन उलटा शिवला होता, तोंड मागे गेलं. उसवून परत शिवला. उसवण्यात आता आम्ही तरबेज आहोत.

आज सकाळी ती मैदानात घेऊन गेली. ३० मीटरवर सहा-सहाच्या सहा फेऱ्या. एकही बाण पडला नाही. परत येताना आई गेटपाशी उभी होती. लेक लांबून चालत आली आणि दुलईचं अस्तर असूनही थोडासा आवाज येत होता. संस्कृतवाले दादा, अगदी 'चिश्चा'.

वहीतलं_संस्कृत

आज दसऱ्याला यापेक्षा चांगलं सोनं नको.

गाजरहलवा

फोटो बघितला. ते पांढऱ्या रंगातलं अर्धं नाव दिसतंय ते आजोबांचं का? खिशावर होतं?

रामबागेतली

हो. त्यांनीच ऑइलपेंटने लिहिलं होतं. दुमडल्यावर आडनाव आत गेलं, नाव बाहेर राहिलं. लेक म्हणाली असंच राहू दे.

नवा_सदस्य_उज्जैन

हा धागा आजच सापडला. माझा मुलगा डावखुरा आहे आणि माझ्याकडे होल्डॉल नाही, पण वडिलांची एक जुनी किरमिचाची टूलबॅग आहे. बाण २६ इंची. तिकोन कुठल्या बाजूला लावायचा?

रामबागेतली

डाव्या कमरेला, आणि आमच्या फोटोच्या आरशातल्या प्रतिमेसारखं सगळं उलट. तोंड पुढेच. २६ ला साडेपंधरा इंच खोली पुरेल. टूलबॅगची शिवण आधी उलटून बघा, दोरा मेणाचा असेल तर ब्लेडपेक्षा नखं कापायच्या छोट्या कात्रीने लवकर निघतो. आणि तिकोन पक्का शिवायच्या आधी पिना लावून मुलाला चालवून बघा.